कैलासच्या इंजिनाचं कुंकू

कैलासच्या टेम्पोच्या इंजिनावरच्या सगळ्या खुणा मी डिझेलच्या फडक्याने पुसून काढल्या. इतक्या स्वच्छ, की पुलीत मला माझा चेहरा दिसला. मग मागे उभ्या असलेल्या कैलासचाही दिसला.

पालेगावात आमच्या नव्या बिल्डिंगसमोर कैलासचं जुनं घर आहे आणि घरासमोर टेम्पो, बहुतेक वेळा उघडलेला. कैलास पूर्वी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला, फिटरकी अंगात राहिली. गॅरेजचं नाव काढलं की म्हणतो, "काका, स्वतःच्या पोराला आंघोळ घालायला माणूस लावता का?" प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच्याकडे एखाददुसरा बोल्ट उरतो. "कंपनी जास्तीचेच देते," म्हणत तो बरणीत टाकतो. बरणी भरत आली आहे, टेम्पो अजून चालतो, आणि यातलं कशाचं नवल करावं ते मला कळलेलं नाही.

कैलासच्या भाचीची, उमाची, उद्या कुळगावात हळद. तिचं कपाट आणि पलंग उल्हासनगरच्या दुकानात तयार. दुकानदार स्वतःची गाडी पाठवत होता, पण हे महाशय साखरपुड्यात सगळ्या पाहुण्यांसमोर सांगून बसले होते, "मामाचं सामान मामाच्याच गाडीतून येईल." आणि नेमक्या आज सकाळी टायमिंग बेल्टला चिरा दिसल्या.

हा बेल्ट म्हणजे दातेरी रबरी पट्टा. इंजिनाची खालची आणि वरची पुली तो एका तालात फिरवतो. एक दात चुकला तर आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि सगळं भंगारात जातं. वरची पुली कैलासने भंगारातूनच आणलेली, म्हणून तिच्यावरची कंपनीची खूण भलतीकडे. त्यामुळे त्याने लाल रंगाने आपल्या खुणा केल्या, जुना बेल्ट उतरवला आणि तोच नमुना म्हणून घेऊन नवा आणायला उल्हासनगरला गेला.

तेवढ्यात त्याची आई, गोजरबाई, ताट घेऊन आल्या. उघड्या इंजिनाला कुंकू लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दिसेल त्या चाकाला लावलं, फोनवर फोटो काढला आणि मला म्हणाल्या, "भावजी, ओघळलंय बघा, जरा पुसा."

मी पुसलं. लाल ते लाल. तोवर नवा बेल्ट घेऊन कैलास मागे उभा.

"काका, माझा रंग कुठंय?"

"कुंकवाबरोबर गेला असेल."

"पुली हलली का?"

"थोडी."

"थोडी म्हणजे?"

मी हाताने दाखवलं. दाखवताना जरा कमीच दाखवलं.

कैलास स्टेपनीवर बसला. त्यातच उमाच्या वडिलांचा, महेशचा फोन. "निघाला का? का दुकानदारालाच सांगू?"

"निघतोच आहे, दाजी," कैलास म्हणाला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी फडकं मागे लपवलं.

"गॅरेजवाल्याला बोलावू या," मी म्हणालो.

"त्याने माझ्या खुणा बघितल्यात?"

"नाही."

"मग तो येऊन काय, तुमच्यासारखं पुसणार?"

दारातून गोजरबाई म्हणाल्या, "माझं स्टेटस बघ की."

"आई, आता स्टेटस?"

"इंजिनाचाच फोटू हाय त्यात."

होता. वर 'शुभ सकाळ', आणि बरोबर खालच्या पुलीवर टवटवीत गुलाब.

"फूल काढ ते."

"लावता येतं. काढायला कोणी शिकवलंय?"

शेवटी मूळ फोटो सापडला. त्यात लालच लाल. कुंकू कुठलं आणि रंग कुठला, यावर आम्ही तिघे भांडलो. गोजरबाईंनी निकाल दिला: "माझं गोल, बोटाचं. तुझी रेघ, काडीवानी."

फोटोतले दात मोजून कैलासने दोन्ही पुल्यांवर पुन्हा रेघा ओढल्या, जुळवल्या, बेल्ट चढवला, ताणला. मग पाना लावून इंजिन हातानेच सावकाश फिरवलं. अडलं तर संपलं, असं तो म्हणाला. रेघा पुन्हा समोरासमोर आल्या. कुठे अडलं नाही.

चावी फिरवली. टेम्पो खोकला, थरथरला आणि लागला. गोजरबाईंनी इंजिनाला हात जोडले. एक बोल्ट उरला होता, तो बरणीत गेला.

उन्हं कलत आली होती. कैलास हात पुसून केबिनमध्ये चढला, मीही शेजारी बसलो. पलंगाचं एक टोक तरी धरीन म्हटलं. उल्हासनगरच्या रस्त्याला लागल्यावर मी हळूच विचारलं, "कैलास, समजा मी ते पुसलंच नसतं, तर?"

"जेवलो असतो."