न भिजवलेल्या कापडाचं विमान

“शिवत होते म्हणजे शिवत होते! विमान. हातानं, सुईदोऱ्यानं.”

“मग काजं-बटणं कुठं लावली होती, सासूबाई? पंखाला का शेपटाला?” जावई, म्हणजे मास्तर, म्हणाले.

जेवायला बसलेली मंडळी फिदीफिदी हसली. मास्तरांच्या बायकोला ठसका लागला. शेजारचा घड्याळजी जेवायच्या वेळेला अचूक टपकायचा, त्याची घड्याळं मात्र कधी अचूक नसायची. त्यानं तर हसता हसता पेलाच लवंडवला.

सासूबाई हसल्या नाहीत. लग्नाआधी दोन वर्षं त्या गावाबाहेरच्या विमानतळावर कामाला होत्या. लांबलचक टेबलाशी अकरा पोरी ओळीनं बसायच्या आणि जुन्या विमानांच्या पंखांना कापड शिवायच्या. हे त्या सांगायच्या आणि ऐकणारा गालातल्या गालात हसायचा. नवऱ्यानं विश्वास ठेवला नाही, पोरांनी ठेवला नाही, आता तर धंद्यानं शिंपी असलेला जावईही दात काढत होता.

“जावईबापू,” हात पुसत त्या म्हणाल्या, “पंचावन्न वर्षं सांगतेय आणि पंचावन्न वर्षं लोक हसताहेत. आता निकाल लावा. तुम्हीच करा एक विमान, छोटं. लाकडाचा सांगाडा, वरून कापड. माझा मुक्काम महिनाभर. निघायच्या दिवसापर्यंत कापड ढोलासारखं ताणून बसलं, तर चारचौघांत कबूल करायचं की म्हातारी खरं बोलत होती. नाही बसलं, तर ही गोष्ट मी पुन्हा तोंडातून काढणार नाही.”

“आणि मदत?”

“बोट लावणार नाही. मागनं म्हणाल, म्हातारीनंच केलं.”

मास्तरांनी पैज घेतली. फुकटात जिंकायला कोण नाही म्हणतं?

हे मास्तर शाळेचे नव्हेत, पँटीचे. एका दाराचं दुकान, इस्त्रीचं टेबल, तेल पिऊन काळं झालेलं मशीन आणि एक आरसा, ज्यात कुणीही उभा राहिला की बारीक दिसायचा. गिऱ्हाईक त्या आरशासाठीच यायचं असं घड्याळजी म्हणे. पण मास्तरांचा हात खरा होता. टेबलाखाली पाण्यानं भरलेली बादली कायम. कापड भिजवून, वाळवून, इस्त्री मारल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही, हा त्यांचा नेम. म्हणायचे, “कोरं कापड आणि नवा पुढारी, दोन्ही पहिल्या पाण्यात आटतात.” चाळीस वर्षांत त्यांची एक पँट धुतल्यावर आखूड झाली नव्हती. फक्त मिळायला उशीर व्हायचा. पोस्टमनची पँट चार महिने ‘उद्या’वर होती.

वाचनालयातून मास्तरांनी विमानांचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि तिथंच घोटाळा झाला. त्यात सासूबाई सांगत तसल्या जुन्या विमानाचा नकाशा होता. दुमजली पंख, मध्ये दांडे, दांड्यांत तारांच्या फुल्या, पुढं लाकडी पंखा, मागं मोराच्या ऐटीतलं शेपूट. मास्तर बघतच राहिले. म्हणाले, “आयला, काय कट आहे!” आणि मापाच्या वहीत पोस्टमनच्या खालच्या ओळीत नोंद केली: ‘विमान. छाती साडेनऊ, बाही अठरा, बाह्या चार.’

खऱ्याचा दहावा हिस्सा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन फूट.

पैज राहिली बाजूला, माणूस पार खुळावला. सुताराकडून पातळ पट्ट्या आणल्या आणि चहाच्या किटलीच्या वाफेवर वाकवून पंखांच्या फासळ्या केल्या. एकेक तोलून बघायचे, जड निघाली की घासायचे. मोडक्या लाकडी पट्टीतून पुढचा पंखा कोरला, त्यावर ‘इंच’ अशी अक्षरं राहिली ती राहिलीच. चाकांना ओव्हरकोटाची बटणं. इंजिनाला नऊ रिकामी रिळं, गोल मांडलेली. तारांच्या जागी मेण लावलेला काजाचा दोरा. घड्याळजीनं मेलेल्या घड्याळांच्या तीन तबकड्या दिल्या, त्या चालकाच्या जागेपुढं बसल्या.

“तिन्ही वेगळी वेळ दाखवताहेत,” मास्तर म्हणाले.

“वैमानिकाला सवय असते,” घड्याळजी म्हणाला. “गावं बदलतात.”

बायको डोक्याला हात लावायची. “अहो, कोपऱ्यावरच्या बाईंचा कोट?”

“पंख झाले की.”

“त्यांना थंडी वाजतेय!”

“मग त्यांना फासळ्या घासायला बोलाव. घाम फुटेल.”

पोस्टमन रोज पँटीची चौकशी करायला यायचा, तो आता आधी विमान बघायचा आणि मग चौकशी विसरून जायचा.

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहायच्या. हात मांडीखाली. हात मोकळे सोडले तर सुई उचलतील, ही त्यांनाच धास्ती.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी कापड चढलं. मास्तरांनी मलमलीचं पांढरं कापड आपल्या नेमानं आधीच तयार करून ठेवलं होतं. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे फासळ्यांना टाके घातले, पाणी शिंपडलं, उन्हात ठेवलं. वाळलं की कापड ताठ होतं, मग वर रोगण, असं पुस्तक सांगत होतं.

वाळलं. आणि म्हाताऱ्या बैलाच्या गळ्याखालची कातडी लोंबावी तसं लोंबायला लागलं. मास्तरांनी पंखावर टिचकी मारली. फस्.

“जिंकलात मास्तर!” घड्याळजीनं टाळी वाजवली.

मास्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरी टाळी हवेतच राहिली.

सासूबाई उठल्या. “ठरलं ते ठरलं,” एवढंच म्हणून आत गेल्या आणि पिशवी भरायला लागल्या. एक साडी चार वेळा घडी केली.

मास्तर जिंकले होते आणि तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. पुन्हा पाणी मारलं. पुन्हा वाळवलं. फस्. शेवटी विमान दोन्ही हातांवर घेऊन ते आतल्या खोलीत गेले. मागोमाग बायको, तिच्यामागं घड्याळजी.

“सासूबाई, पैज गेली खड्ड्यात. हे लेंग्यासारखं दिसतंय, मला बघवत नाही. तुम्ही कशानं ताणायचात?”

“पाण्यानंच.”

“पाणी मारलं.”

“कापड कोरं होतं ना?”

“कोरं?” मास्तरांना अपमानच वाटला. “कोरं कापड मी कापीन? चार तास बादलीत भिजवलं, वाळवलं, इस्त्री...”

“अरे गाढवा!”

सव्वीस वर्षांत सासूबाईंनी जावयाला ‘तुम्ही’शिवाय हाक मारली नव्हती. बायकोनं तोंडावर हात घेतला. पण सासूबाईंची गाडी उताराला लागली होती.

“आटायची ताकद कापडात एकदाच असते! ती तू बादलीत घालवलीस! पंखावर चढवायचं, मग पाणी मारायचं, म्हणजे ते पंखावर आटतं, म्हणून ताणतं! पँट आहे का ती?”

 मग घड्याळजीनं भीत भीत विचारलं, “हे पुस्तकात नाही. तुम्हाला कसं कळलं?”

“कसं म्हणजे? पहिल्या दिवशी मीही घरच्या शिस्तीनं भिजवलं होतं. मुकादमानं अख्ख्या शेडसमोर मला हेच नाव दिलं. गाढव.”

मास्तर आधी नाकातून हसले, मग पोटातून. विमान पलंगावर ठेवून हसले. “बघत काय बसलीस?” बायकोला म्हणाले, “कात्री आण. उसवायचंय सगळं.”

आता कोरं कापड कुठून आणायचं? दुकानातला तागा अन् तागा भिजवलेला, चाळीस वर्षांचा अभिमान अंगाशी आला. बाजार त्या दिवशी बंद. तेवढ्यात काखेत शर्टाचं कापड घेऊन पोस्टमन दारात.

“भिजवलंय?” चौघं एका दमात ओरडले.

“नाही,” पोस्टमन दचकला. “कालच घेतलं, अजून...”

पुढं त्याचं वाक्य कुणी ऐकलं नाही. त्याला कळलं तेव्हा कापड टेबलावर पसरलं होतं. “घ्या,” तो म्हणाला. “पँट तर जागची हलत नाही. शर्ट तरी उडू दे.”

सासूबाईंनी महिनाभर मांडीखाली कोंडलेले हात कामाला लावले. लांब सुई वरच्या कापडातून खालच्या कापडात, फासळीला वळसा, वर, गाठ. सुई दिसायची नाही, नुसती गाठ उमटायची. मास्तरांचे टाके सगळीकडं सारखे, तर त्यांच्या हातावर चापट बसली. “इंजिनाजवळ दाट घाला. पुढच्या पंख्याचा वारा इथंच बोंबलतो. टोकाला विरळ चालतं.” मास्तरांनी मुकाट उसवून दाट घातले.

पाणी शिंपडलं. पाचही जणं अंगणात विमानाभोवती उकिडवी बसली, जणू कोंबडी अंडं घालणार होती. कापड वाळता वाळता बारीक कुरकुरलं, सुरकुत्या एकेक करून गेल्या, आणि सासूबाईंनी टिचकी मारली.

टण्!

मग प्रत्येकानं मारली. टण्, टण्, टण्. पोस्टमननं दोनदा, कापड त्याचं होतं.

वर रोगण लावायला घेतलं तर पिकल्या केळ्यांचा घमघमाट सुटला. “खिडक्या उघडा,” सासूबाई म्हणाल्या, “आम्ही पोरी यानंच खुळ्या व्हायचो.” खिडक्या उघडेस्तोवर उशीर झाला होता. घड्याळजी आरशातल्या बारीक घड्याळजीला सलाम ठोकत होता, बायको रिळांचं इंजिन मोजताना दरवेळी दहावं रीळ सापडल्यानं लोळत होती, आणि सासूबाई अकरा पोरींची नावं मोठ्यानं घेत होत्या. बारा झाली. मुकादमही मोजला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर मास्तर विमान डोक्यावर धरून बाकावर चढले. “ऐका हो! ह्या माझ्या सासूबाई! ह्यांनी खरी विमानं शिवलीत! शंका असेल त्यानं टिचकी मारून बघावी!” रांगेतल्या लोकांनी खरंच मारून बघितली. एका म्हाताऱ्या हमालानं कान लावून ऐकलं आणि मान डोलावली.

“पुरे, उतरा खाली, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “पँट उसवलीय मागनं.”

“गाढवच म्हणा. बरं वाटतं.”

“उतर, गाढवा.”

बस निघाली. खिडकीत सासूबाई, मांडीवर विमान, आणि शेजारच्या बाईला त्या काहीतरी सांगत होत्या. ती बाई हसली नाही.

मास्तर पाठीमागं पिशवी धरून, भिंतीकडेनं दुकानात आले. पायरीवर पोस्टमन बसला होता, काखेत नवं कापड.

“हे तरी शर्टच करा,” तो म्हणाला. “आणि माझी पँट?”

मास्तरांनी पायानंच टेबलाखालची बादली पुढं ओढली, शर्टाचं कापड त्यात बुडवलं, आणि मशीनवर बसून पोस्टमनच्या पँटीचा डावा पाय सुईखाली सरकवला.