सयाजीबुवाची पडकई

घाटघरच्या बयाबाईला लोक साधीभोळी म्हणत, आणि ती दिसायचीही तशीच. भांडी उजळून देतो म्हणणाऱ्या एका भामट्याकडून तिनं अख्ख्या आळीचे तवे फुकट घासून घेतले होते. त्यानं दागिना मागितला तेव्हा, आता चूल पेटवायचीय म्हणून त्याला वाटेला लावलं होतं.

पण सत्त्याण्णवच्या वैशाखात तिच्या जिवाला खरा घोर लागला होता. आदल्या पावसात ओढ्यानं तिच्या भाताच्या खाचराचा बांध नेला होता. तो घालायचा तर पडकई बोलवायची. म्हणजे सारं गाव एक दिवस तुमच्या रानात राबणार आणि मग तुम्ही घरटी एकेक दिवस राबून ते फेडायचं. घरं अकरा. बयाबाई एकटी, साठीची, आणि गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारलेला. पाऊस महिन्यावर आला होता. बांध झाला नाही तर वर्षाचा भात गेला.

अशात सयाजीबुवा उगवला. भगवी लुंगी, हातात नारळ. अंगणात नारळ फिरवून तो जरा थरथरला आणि म्हणाला, पडक्या बांधाखाली मोहरांचा हंडा आहे. पूजेला सोनं लागेल, गळ्यातली बोरमाळ चालेल.

बयाबाईनं हात जोडले. आधी हंडा दिसू दे, मग बोरमाळ देते म्हणाली. आणि इथली रीत अशी की खणायला सांगेल त्यानं पहिली कुदळ मारायची, तीही दिवसाढवळ्या. बुवानं बोरमाळेकडे एकवार पाहिलं आणि कुदळ मागितली. तिनं तोवर शेजारच्या रामदासला गाठून, ह्या खेपेला फेड बुवा करणार, एवढंच सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अकरा घरची माणसं हजर. बुवा पाया खणत होता, निघालेले दगड गाव रचत होतं. दुपारपर्यंत बुवाच्या तळहातांना फोड आले. संध्याकाळी बांध उभा राहिला, हंडा काही निघाला नाही. कुणाची तरी पापी नजर पडली, धन सरकलं, असं बुवानं जाहीर केलं.

"सरकून सरकून कितीक लांब जाईल?" बयाबाई म्हणाली. "भागूच्या खाचरात आसंल. त्याच्या घरात पुतळ्यांची माळ हाय पूजेला."

माळेच्या नावानं बुवा भागूकडे राबला. तिथूनही धन सरकलं, ते गेणभाऊच्या रानात गेलं. चौथ्या दिवशी तो गुपचूप सकाळची एसटी गाठायला गेला. कंडक्टरनं हंड्याची चौकशी केली आणि रामदासनं, कामाला उशीर होतोय, म्हणून त्याला हाताला धरून परत आणलं.

आठव्या संध्याकाळी बुवा बयाबाईच्या ओट्यावर मटकन बसला.

"आजी, मी लबाड आहे. हंडा नाही, मंत्र नाही, काही नाही. मला जाऊ द्या."

बयाबाईनं त्याच्या पुढ्यात नाचणीची भाकरी ठेवली. त्याचे फुटलेले तळहात बघून तिला वाईटही वाटलं.

"त्ये तू नारळ फिरवला तवाच कळलं व्हतं, बाबा. हंडा कुनाला पायजे व्हता? मला दोन हात पायजे व्हते. आता चारच घरं ऱ्हायलीत."

बुवानं भाकरी मोडली आणि उद्या कुणाकडे जायचं ते विचारलं.