उलटी गाठ

चालू मोटारीवर मिस्त्री तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मनात वीस मोजायचे. मीटर भिंतीला टांगलेला असायचा, पण त्यांचा भरवसा हातावर. वीस होईपर्यंत हात टिकला तर मोटार पास. त्याआधी चटका बसला तर ती पुन्हा खोलायची, मग शेतकरी कितीही घाईत असो. वीस झाले की डोळे उघडून म्हणायचे, "न्या. मोटार सर्टिफिकेट इचारत न्हाय."

शेतकऱ्याने कुठलं सर्टिफिकेट मागितलेलं असायचं? पण मिस्त्री चौथी पास, आणि बारामतीत गल्लोगल्ली कॉलेजं. जळोचीच्या रस्त्यावरच्या आमच्या दुकानासमोरून रोज सकाळी पोरापोरींच्या गाड्या जायच्या. त्यांच्याकडे बघत मिस्त्री तंबाखू मळायचे आणि हसायचे. ते हसणं मला तेव्हा फार आवडायचं.

मी त्याच पोरांतला एक होतो. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, दोन विषय राहिलेले. आमच्या विहिरीवरची मोटार जळाली म्हणून ती भरून घ्यायला, म्हणजे जळालेली तार काढून नवी घालायला, त्यांच्याकडे आणली आणि तिथेच चिकटलो. कॉलेज सुटलं की दुकानात. पुढे कॉलेज न सुटताच दुकानात.

एका रविवारी मिस्त्री स्वतः कोऱ्हाळ्याला आमच्या घरी आले. चहा नको म्हणाले, ओट्यावर बसले आणि आबांना म्हणाले, "पोरगं माझ्याकडं द्या. याच्या हातात कला हाय. मला लेकरूबाळ न्हाय, माझ्यामागं दुकान ह्योच बघंल."

आई आत रडत होती. चार वर्षांतली दोन झालीत, दोन राहिलीत, एवढंच तिचं म्हणणं. आबांनी एकदा आत बघितलं. मग म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या शब्दावर सोडतो." मिस्त्रींनी आबांच्या गुडघ्याला हात लावून शब्द दिला.

शिकवलं मात्र जीव ओतून. खोटं कशाला बोलू? जुन्या तारेचे वेढे मोजल्याशिवाय कात्री लावायची नाही. मोजणी चुकली तर मार नाही, पण दिवसभर अबोला. सगळ्यात शेवटी तारेच्या गुंडाळीची टोकं दोऱ्याने आवळायची, नाहीतर मोटार चालताना तारा थरथरतात आणि एकमेकींना घासून जळतात. मी डावखुरा. माझी गाठ सगळ्यांच्या उलट पडायची. मिस्त्रींनी दोनदा सोडायला लावली, तिसऱ्यांदा ओढून पाहिली आणि म्हणाले, "उलटी हाय, पण सुटत न्हाय. ऱ्हाऊ दे लेका, हजारात वळखू येईल." त्या दिवशी मी जेवताना आईला तेच दहा वेळा सांगितलं.

सात वर्षं गेली. दुकानाचं वर्कशॉप झालं. मिस्त्रींची नजर कमी झाली तशी बारीक कामं सगळी माझ्याकडे आली. मग एका मोठ्या कारखान्याचं बारमाही काम मिळायचा योग आला. कारखान्याचे साहेब जागा बघायला येणार होते. त्याच्या पंधरा दिवस आधी मिस्त्रींनी नुकताच पास झालेला एक इंजिनिअर कामावर ठेवला. पोरगा गरीब होता. तार किती ताणायची ते मलाच विचारायचा.

साहेब आले. सगळं फिरून बघितलं, खूश झाले. म्हणाले, "इथलं काम बघतं कोण?"

मी हात पुसत पुढे झालो. मिस्त्रींनी हात त्या पोराच्या खांद्यावर ठेवला. "हे आमचे इंजिनिअर साहेब."

"आणि हे?"

"ह्यो हेल्पर. कॉलेज अर्धवट सोडल्यालं हाय."

कुणाच्या शब्दावर सोडलं होतं, ते साहेबांना काय माहीत. मी गेस्टहाउसच्या नोकरासारखं त्यांना पाणी आणून दिलं, याची मला आजही लाज वाटते.

साहेबांची गाडी गेल्यावर मी विचारलं, मोटार सर्टिफिकेट विचारत नाही ना मिस्त्री? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोटार न्हाय इचारत. माणसं इचारत्यात." मी पाने-पक्कड तिथेच ठेवली आणि निघालो. त्यांनी हाक मारली नाही.

इंदापूरला पत्र्याच्या एका खोलीत सुरुवात केली. आज माझ्याकडे सहा माणसं आहेत आणि आसपासच्या गावांतून मोटारी येतात. पदवी नसताना कसं उभं केलं, हे सांगायला शाळावाले मला बोलावतात. भाषण मी बरं करतो. गुरू कोण, असं पोरांनी विचारलं की पाणी पितो.

मिस्त्री गेल्याचा निरोप गेल्या वर्षी आला. मी मातीला गेलो नाही.

दोन महिन्यांनी मिस्त्रींच्या बायकोने, काकूंनी, टेम्पोतून त्यांच्या विहिरीवरची जळालेली मोटार पाठवली. मागोमाग स्वतः एसटीने आल्या. मी मोटार खोलली आणि हात थांबला. आत माझीच गाठ होती. उलटी.

"ही माझ्याकडं कधी आली होती, काकू?"

"आली हुती की. माझ्या भावाच्या नावानं धाडली हुती. आपल्या वर्कशॉपात नको म्हणाले, तितं भरल्याली टिकत न्हाय. आन् सोता आलो तर पोरगं दारात उभं करनार न्हाय म्हणाले."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. साहेबांसमोर मला हेल्पर म्हणाले तेव्हाही माहीत होतं. माहीत नसतं तर मी कधीच माफ करून टाकलं असतं. स्वतःच्या विहिरीला माझा हात चालला, आणि चार माणसांत माझं नाव घ्यायला यांची जीभ उचलली नाही.

काकूंना चहा दिला. मोटार मी स्वतःच भरली, कुणाला हात लावू दिला नाही. वेढे दोनदा मोजले. शेवटी दोरा उजव्या हातात घेतला आणि सरळ गाठ मारली, सगळे मारतात तशी, मिस्त्रींनी पहिल्या दिवशी दाखवली होती तशी. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

मग मोटार चालू केली, वर तळहात ठेवला आणि वीस मोजले.

"न्या," मी म्हणालो.