तुळसाने दिलेली खुडूक

तोंडवलीच्या तुळसाला भरदुपारी कोंबडीचा आवाज येतो. अंड्यांवर बसायला आलेल्या खुडूक कोंबडीचा, पडवीतल्या टोपलीखालून. टोपली उचलावी तर खाली नुसती जमीन. वर्ष झालं, वाडीत एकही कोंबडी नाही. सगळ्या मारून, चुना टाकून पुरल्या. पण तुळसाची दुपार काही सुटत नाही.

तशी ही बाई भित्री नव्हे. नवरा गेला तेव्हा दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी कोंबड्यांना कोंडा घालायला उठली. एकवीस गावठी कोंबड्या, प्रत्येकीला नाव, प्रत्येकीला शिवी. "मेल्यांनो, माझा काळीज खावा आता!" म्हणायची आणि मूठभर जास्तच टाकायची.

मागच्या माघात तिच्या तीन कोंबड्या एका सकाळी मरून पडल्या. तुरे जांभळे. गुरांच्या दवाखान्यातल्या माणसांनी आधीच बजावलं होतं: बर्ड फ्लू आलाय, अशी मर दिसली तर हात लावू नका, कळवा. पण कळवलं की सगळ्याच मारतात, हेही तिला ठाऊक. तिघींना तिने गुपचूप माडाच्या बुडात पुरलं. बरं, तेवढ्यावर तरी थांबावं ना! लाडकी कवडी तेव्हा खुडूक होती, अजून धडधाकट दिसत होती. ही तरी वाचू दे म्हणून तिला पदराखाली घेऊन तुळसा शेजारच्या नर्मदेकडे गेली. खुडूक कोंबडी एकमेकींना द्यायची वाडीची रीतच. अंडी एकीची, कोंबडी दुसरीची, पिल्लं अर्धी अर्धी.

"नर्मदे, तुझ्या अंड्यांवर माझी कवडी बसय गो," तुळसा हसत म्हणाली. हसत!

आठवड्यात नर्मदेचं खुराडं ओस पडलं. नर्मदेने मात्र सरळ दवाखान्यात कळवलं. पांढरे झगे घातलेली माणसं आली आणि वाडीतली एकूण एक कोंबडी गेली. वाडीने खापर फोडलं नर्मदेवर. रोग हिच्याच घरातून निघाला, वर सरकारही हिनेच आणलं! हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावेना. तुळसा सगळं ऐकायची आणि गप्प बसायची. पाप हो, दुसरं काय म्हणायचं?

आता पुन्हा कोंबड्या पाळायची परवानगी आली. बायांनी मिळून पिल्लं आणायचं ठरवलं, नर्मदेला सोडून. ते कळलं त्या दुपारी नर्मदा तुळसाच्या पडवीत येऊन बसली. तुळसाने चहा पुढे ठेवला.

"माका वगळल्यानी गो," नर्मदा एवढंच म्हणाली.

आणि नर्मदा समोर असताना तुळसाला टोपलीखालून आवाज आला.

"रोग तुझ्याकडचो नाय," ती बोलून गेली. "माझ्यो तीन आधीच मेलेल्यो. मी पुरलंय. आणि मगे कवडी तुका दिलंय."

"माका ठावक आसा," नर्मदा म्हणाली. "सगळ्यांत आधी कवडीच मेली. आज ना उद्या तूच सांगतलंस म्हणान वरीसभर गप रवलंय."

तुळसाला वाटलं, ही आता झिंज्या धरेल. धरल्या असत्या तर बरं झालं असतं. नर्मदा चहा न घेता उठली. "माका सांगून काय उपेग? वाडीक सांग."

तुळसा तशीच अनवाणी निघाली. पहिलं घर राधाबाईंचं. अंगणात उभं राहून तिने सगळं सांगितलं. राधाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि तिच्या तोंडावर दार लावलं.

अजून अकरा घरं होती.