दोन क्लब, दोन गुडघे

मडगावच्या मैदानावर ते दोघे एकाच चेंडूसाठी धावले, एकमेकांवर आदळले आणि दोघेही खाली पडले ते उठलेच नाहीत. एक आमचा बचावपटू, हुबळीजवळच्या कलघटगीचा. दुसरा समोरच्या संघाचा फॉरवर्ड, धारवाडचा. दोघांनीही गुडघा घट्ट धरला होता.

मी आमच्या संघाची फिजिओ. पिशवी उचलून एकटीच पळाले. पलीकडून त्यांचे डॉक्टर, दोन फिजिओ आणि स्ट्रेचर घेऊन दोन माणसं आली. माझ्या हातात बर्फ होता, तोही सकाळी मी मासळीबाजारातून आणलेला. त्याला बांगड्याचा वास येत होता. त्यांच्यातल्या एकीनं त्या पिशवीकडे पाहिलं आणि आपल्याकडचा थंड स्प्रे माझ्यापुढे धरला.

मी आमच्या खेळाडूची मांडी एका हातानं धरली आणि दुसऱ्या हातानं नडगी हलकेच पुढे ओढली. धड गुडघ्यात अशा वेळी एक झटका लागतो, आतली दोरी ताणून थांबते. इथं काही थांबलंच नाही. दोन हातांवर त्यांचे डॉक्टर तेच करत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्याकडंही?"

मी मान हलवली. दोघांचंही तेच लिगामेंट तुटलं होतं.

मी मूळची हुबळीचीच. कोप्पीकर रोडवर आमचं भांड्यांचं दुकान आहे, त्याच्या माडीवर माझं छोटं क्लिनिक. माझ्या वडिलांचं, अप्पांचं बालपण कोल्हापुरात गेलं, त्यामुळे फुटबॉलचं वेड त्यांच्या अंगात. दुसऱ्या लीगमधल्या एका क्लबनं मला एका हंगामासाठी बोलावलं तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला. "जा, जा! क्लिनिक कुठं पळून जातंय?" म्हणाले. दुसरी लीग म्हणजे वरच्या लीगच्या एक पायरी खाली, असाच माझा समज होता. तिथं गेल्यावर कळलं की खेळाडू स्वतःचे सॉक्स हॉटेलच्या बाथरूममध्ये धुतात, दुखण्यावर शेक द्यायचं मशीन मी माझ्या क्लिनिकमधून न्यायचं, आणि जेवणात रोज डाळ-भात आणि एकच उकडलेलं अंडं. पण पोरं जीव तोडून खेळायची. त्यामुळे पुढे पुढे मला ते खटकेनासं झालं.

कपच्या स्पर्धेत आमची गाठ वरच्या लीगमधल्या क्लबशी पडली. सामन्याआधीच्या सरावाच्या वेळी मी त्यांच्या खोलीवरून गेले आणि दारातच थबकले. आत बर्फाच्या पाण्याचे टब, मालिशची टेबलं ओळीनं मांडलेली, आणि एक आचारी नुसती फळं कापत उभा. आमचा कलघटगीचा बचावपटू माझ्या मागोमाग आला होता. तेवढ्यात आतून तो धारवाडचा फॉरवर्ड ओरडत बाहेर आला आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. धारवाडच्या क्रीडा वसतिगृहात ते चार वर्षं एका खोलीत राहिले होते.

"अक्का, हा माझा चहा रोज प्यायचा," आमचा म्हणाला.

"आणि हा माझे बूट घालायचा," तो म्हणाला.

सामना सुरू होऊन अर्धा तास झाला नाही तोच ते दोघे गवतावर पडलेले होते.

मैदानावर रुग्णवाहिका एकच होती. त्यांच्या डॉक्टरांनी चांगुलपणानं दोघांनाही तिच्यात घेतलं. इस्पितळात पोचेपर्यंत त्या फॉरवर्डची एमआरआयची वेळ ठरली होती, मुंबईच्या सर्जनशी बोलणं झालं होतं आणि दुसऱ्या सकाळचं विमान. हे सगळं फोनवर, रुग्णवाहिका सिग्नलला थांबलेली असताना. मी आमच्या मॅनेजरला फोन लावला.

"सूज उतरू दे आधी," ते म्हणाले. "घरी पाठवा त्याला. हुबळीच्या गाडीचं तिकीट काढतो."

"सर, लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन लागेल."

"मॅडम, या महिन्याचा पगार देऊ. पुढचं त्याचं तो बघेल. न खेळणाऱ्याला पोसायला आपण काय वरच्या लीगमध्ये आहोत?"

ते रागानंही बोलले नव्हते. पावसामुळे सराव रद्द झाला असं सांगावं, तशा आवाजात बोलले होते. मला त्याचाच धक्का बसला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन गाडीत बसले. त्याचा पाय माझ्या बॅगेवर ठेवला होता. लोंढा स्टेशन जवळ आलं तेव्हा त्याचा फोन वाजला. मुंबईहून त्याचा मित्र बोलत होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"तुझं ऑपरेशन कधी? क्लबनं सर्जन कोण दिलाय?"

याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. "हुबळीतच करणार. चांगला डॉक्टर आहे. सगळं क्लब बघतोय."

फोन ठेवल्यावर मी त्याच्याकडे पाहत राहिले.

"असू दे अक्का," तो म्हणाला आणि खिडकीकडे वळला.

सरकारी योजनेत ऑपरेशन होणार होतं, पण नंबर लागायला वेळ होता. घरात त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले. वडील टेम्पो चालवायचे, अमरगोळच्या मार्केटला कांदा न्यायचे. मी बजावलं होतं की वजन उचलायचं नाही. तरी एका सकाळी वडिलांची पाठ धरली म्हणून हा पोती उतरवायला गेला आणि तो सैल गुडघा आतल्या आत सरकला. आतली गादीही फाटली. ऑपरेशन झालं तेव्हा चार महिने उलटून गेले होते. सर्जननी फाटलेला भाग काढून टाकला आणि मला एवढंच म्हणाले, "लवकर आला असता तर हा वाचला असता."

मी क्लबकडे परत गेले नाही. जावं असं वाटलंच नाही, आणि पुढच्या हंगामात पैसे नाहीत म्हणून क्लबनं लीगमधूनच अंग काढून घेतलं. आमचा खेळाडू आठवड्यातून तीनदा कलघटगीहून बसनं माझ्याकडे व्यायामाला यायचा. अप्पा खाली दुकानात त्याच्यासाठी खुर्ची ठेवायचे आणि जिना चढण्याआधी त्याला कोल्हापूरच्या जुन्या मॅचेस ऐकवायचे.

मग एके दिवशी तो धारवाडचा मित्र न सांगता क्लिनिकमध्ये आला. तो तोवर मैदानावर परतला होता, सुट्टीत घरी आला होता. चेष्टा करत शेजारच्या टेबलावर आडवा झाला. "मॅडम, आमचा पण गुडघा बघा. कुणाचा चांगला?"

मी सहज दोघांचे पाय सरळ करायला सांगितले. मित्राचा पाय टेबलाला चिकटला. याचा गुडघा पूर्ण सरळ होईना, त्याखाली माझी दोन बोटं आत गेली.

मित्र उठून बसला. "हे असं का?"

आमच्यानं टॉवेल ओढून गुडघा झाकला.

"मॅडम, असं का? ऑपरेशन एकदमच झालं ना आमचं?"

मग मी सांगितलं. फोनवरचं मॅनेजरचं बोलणं, नंबर, कांद्याची पोती, सगळं. त्याचा चेहरा उतरत गेला. "मला वाटलं, क्लब करतोच," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "क्लब करतोच ना?" त्यानं आयुष्यात दुसरं काही पाहिलंच नव्हतं. वसतिगृहातून तो थेट वरच्या लीगमध्ये गेला होता.

"सांगितलं का नाहीस मला?" तो मित्रावर ओरडला. "मी काहीतरी केलं असतं!"

"तू तुझा गुडघा सांभाळत होतास," आमचा म्हणाला. "आणि लाज वाटत होती मला."

त्या मित्राला रडू आवरेना. मी पंखा वाढवला आणि पाणी आणायच्या निमित्तानं खाली गेले.

यंदा दुसऱ्या लीगमधल्या एका नव्या क्लबनं आमच्या खेळाडूला बोलावलं. तो जाणार म्हणाला तेव्हा मी विचारलं, "पुन्हा तिथंच?"

"खेळता येतंय अजून, अक्का. दुसरं काय करू?"

सही करण्याआधी त्या क्लबच्या माणसाशी फोनवर बोलणं झालं, ते माझ्याच क्लिनिकमध्ये. आमच्या खेळाडूनं विचारलं, दुखापत झाली तर उपचार कोण करणार? पलीकडचा माणूस हसला. "आधी खेळून तरी दाखव." धारवाडचा मित्र शेजारी बसला होता. त्यानं फोन काढून घेतला, आपलं नाव सांगितलं आणि तोच प्रश्न शब्द न बदलता विचारला.

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "अरे सर, तुम्ही! हो, हो, करारात घालू ना. काळजीच करू नका."

खरंच घातलं. आमचा खेळाडू सही करून गेला, त्याची बायको आणि लहान मुलगी त्याला स्टेशनवर सोडायला आल्या होत्या, मीही होते. पण तो मऊ झालेला आवाज आठवला की मला आजही वाटतं, ज्याच्या शेजारी असा मित्र बसलेला नाही, त्यानं हाच प्रश्न विचारला तर?