वर्षावासातली वही

आमच्या घरात चमत्कार मानत नाहीत. विहारात मागायला जायचं नसतं, असं बाबा सांगतात. त्यामुळे जे घडलं त्याला काय म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जसं घडलं तसं लिहिते.

नांदेडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, वजन कमी करायची शस्त्रक्रिया तुमच्यासाठी योग्य आहे, पण यकृतावर चरबी फार आहे. चार महिन्यांत सात किलो उतरवा, मगच तारीख देता येईल. पंचविशीतच मला मधुमेह झाला होता, जिना चढताना गुडघे धरायचे. आहारतज्ज्ञ मॅडमनी एक वही दिली. जे तोंडात जाईल ते तिच्यात लिहायचं. पहिल्याच महिन्यात वजन एक किलोने वाढलं. वहीत मात्र सगळं बरोबर होतं. पूर्णेतल्या ऑफिसातून सुटल्यावर मी विहाराच्या भिंतीमागे स्कूटी लावून फरसाणाचं पाकीट संपवायचे आणि मग घरी आईसमोर मोजून जेवायचे. ते पाकीट तेवढं लिहीत नव्हते. मला खोटं बोलता येत नाही असं सगळे समजतात, कारण मी बोलतच नाही.

तेव्हा वर्षावास सुरू झाला होता. त्या तीन महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. एकदा पाकीट हातात असतानाच भिंतीच्या कडेने एक म्हातारी बाई आली. त्या गयाबाई, रेल्वेतल्या गँगमनची बायको, हे नंतर कळलं. त्यांनी पाकीट पाहिलं की नाही, कोण जाणे. "माय, माझा चष्मा घरी ऱ्हायला. जरा येऊन वाचतीस का?" म्हणाल्या. नाही म्हणायलाही बोलावं लागतं, म्हणून गेले.

इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी वाचन अडखळतं. समोर पंधरा-वीस बाया, आणि प्रत्येक जोडाक्षराला मला घाम. मागून कुणीतरी म्हणालं, "इंग्रजी शाळेची गाडी हाय, दर ठेसनावर थांबायली." सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं.

"थांबू दे," गयाबाई म्हणाल्या. "आमाला कुठं घाई हाय? तू वाच, आमी बसून हाव."

सगळे माझे किलो आणि दिवस मोजत होते. घाई नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही त्यांचा चष्मा घरीच राहिला, तिसऱ्या दिवशीही. वाचन संपेपर्यंत माझी खा-खा सुटण्याची वेळ निघून जायची. पौर्णिमेला खीर वाटली, ती नको म्हणायचा मला धीर झाला नसता. गयाबाईंनी माझ्यासमोर गरम पाण्याचा पेला ठेवला, "वाचणारीचा घसा नीट पायजे," म्हणाल्या आणि खिरीची वाटी शेजारणीकडे सरकवली.

एकदा मात्र घसरले. वाचनाला जाण्याआधीच पाकीट फोडलं. त्या दिवशी पंचशील म्हणताना, खोटं न बोलण्याच्या शीलाशी आल्यावर माझा आवाजच फुटेना. भोवतीच्या बाया म्हणत राहिल्या, त्यांच्या आवाजात माझं गप्प राहणं झाकून गेलं. वंदना संपल्यावर तिथेच, चटईवर बसून मी वही उघडली आणि आठवतील तेवढी सगळी पाकिटं लिहून काढली. मॅडम वाचून रागावल्या नाहीत, त्यांनी नुसतं विचारलं, "पाच वाजता भूक लागते होय?" आणि त्या वेळेला ताक आणि उकडलेले मूग लिहून दिले. एवढंच होतं ते. लपवलं होतं म्हणून कुणाला मदत करता येत नव्हती.

वर्षावास संपता संपता नांदेडला वजन झालं. सात किलो उतरले होते, वर थोडं. यकृतावरची चरबीही आटोक्यात आली होती. डॉक्टरांनी तारीख लिहिलेला कागद दिला. शेवटच्या वाचनाला मी तो गयाबाईंच्या हातात ठेवला, वाचून दाखवायला वाकले, तोच त्या म्हणाल्या, "मंगळवार हाय की. सकाळी आठला उपाशीपोटी बोलावलंय." बारीक अक्षर होतं, चष्मा डोळ्यांवर नव्हता आणि त्या कुठेही अडखळल्या नाहीत.

मी कागद घडी करून वहीत ठेवला. शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे, भीतीही आहे. पण लहानपणापासून पाठ असलेलं त्रिशरण आता म्हणते तेव्हा शरण या शब्दापाशी जरा थांबते. घाई नसते. भोवती बाया बसलेल्या असतात आणि माझी वही उघडी असते.