दोन प्रकारांपुरता लहानू

लहानू उमाटे पवनारचा. बापाची भाजीची वाडी धाम नदीच्या पलीकडच्या काठाला आणि आमची शाळा अलीकडे. त्यामुळे पोरगा डोक्यावर दप्तर बांधून रोज नदी ओलांडून यायचा. पोहणं ही शिकायची गोष्ट असते, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

१९५३ साली जिल्हा जलतरण मंडळाने नदीवर पहिल्या शालेय स्पर्धा घेतल्या. प्रकार सहा. चौदा वर्षांच्या लहानूने सहाही जिंकले. सहावा पितळी पेला देताना प्रमुख पाहुण्यांनी विचारलं, "पुन्हा तूच?"

"हो जी," लहानू म्हणाला.

मंडळाचे चिटणीस नरहरपंत टेंभेकर, कचेरीतले हेडक्लार्क. त्यांचा पुतण्या केशव नागपूरहून आणलेली खास चड्डी घालून उतरला होता आणि तीनदा दुसरा आला होता. पुढच्या वर्षी स्पर्धेआधी नरहरपंतांनी बैठक बोलावली. तीन तास चर्चा होऊन नियम ठरला : एका मुलाने दोनच प्रकारांत नाव द्यावे, कारण कोवळ्या हृदयावर ताण येतो.

वेळ मोजायचं घड्याळ माझ्याकडे असायचं, म्हणून मी बैठकीला होतो. म्हटलं, "तो रोज नदी ओलांडतो, त्या ताणाचं काय?"

"ते मंडळाच्या अखत्यारीत येत नाही," नरहरपंत म्हणाले.

मी लहानूला नियम सांगितला.

"दोनच काऊन, गुरुजी?"

"तुझ्या हृदयासाठी."

त्याने छातीवर हात ठेवला. "मले काय झालं?"

घरी त्याने हे सांगितलं आणि त्याच्या आईने, यशोदाबाईने, त्याला दोन दिवस पाण्यात पाय घालू दिला नाही. तेवढे दिवस शाळा बुडाली.

स्पर्धेच्या दिवशी लहानूने आपले दोन प्रकार पहिल्या अर्ध्या तासात जिंकले आणि अंग पुसून काठावर बसला. शेवटी नदी ओलांडण्याची शर्यत होती. पाच मुलं उतरली, चार अर्ध्यातून परत फिरली. केशव मात्र जिद्दीने पुढे गेला आणि पलीकडचा काठ वीस हातांवर असताना त्याच्या पायात गोळा आला. तो दोनदा खाली गेला. आम्ही मंडळी काठावरून त्याला धीर देत होतो, तोवर लहानू पाण्यात शिरलासुद्धा. त्याने केशवचे केस धरले आणि जवळचा काठ म्हणून त्याला पलीकडे ओढत नेलं. शर्यत संपल्याची खूण म्हणून तिथे बांधलेल्या दोराला आधी केशवचं डोकं लागलं.

दोघं अलीकडे आल्यावर मंडळ बसलं. शर्यत पुरी करणारा केशव एकटाच, म्हणून पहिला क्रमांक त्याचा. लहानू तिसऱ्या प्रकारात उतरला हे सगळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्याचे आधीचे दोन निकाल रद्द झाले. त्या दोन्हींत दुसरा केशवच होता. कुडकुडत्या पोराच्या हातात तीन पेले आले. केशवचेही प्रकार तीनच झाले, असं मी घड्याळ हातात धरून सांगायला गेलो, तर नरहरपंत म्हणाले, "तुम्ही वेळ सांगा."

लहानू कपडे डोक्याला बांधून पोहत घरी गेला.

रविवारी केशव सायकलने वळसा घालून वाडीवर आला आणि त्याने तिन्ही पेले वांग्याच्या टोपलीत ठेवले.

"काकांना सांगू नकोस," तो म्हणाला. "मला पोहायला शिकव."

लहानूने दोन पेले ठेवून घेतले आणि तिसरा परत दिला. "हा तुहाच. निम्म्याहून जास्त नदी तूच कापली. तुले हात मारता येते, दम सोडता येत नाई. उद्यापासून येजो."

वर्षभर केशव येत राहिला. लहानूने पुन्हा नाव दिलं नाही. बापाची कंबर धरल्याने वाडी आता त्याच्यावर होती. पुढच्या स्पर्धेत केशवने दोन प्रकार स्वतःच्या दमावर जिंकले. त्या वर्षीच्या अहवालात नरहरपंतांनी नमूद केलं, की प्रकारांवर मर्यादा घातल्यामुळे जिल्ह्यातील सुप्त गुण पुढे आले. माझं अक्षर चांगलं, म्हणून अहवालाची प्रत मीच काढली.